प्रयोगशाळेतला ‘मी’ आणि वस्तीतला ‘आम्ही’

१

दलित आत्मकथनांवर एक आक्षेप प्रारंभापासून घेतला जातो. या लेखनात समूह फार आणि व्यक्ती थोडी आहे, लेखकाचा ‘मी’ वस्तीच्या ‘आम्ही’त बुडून जातो, म्हणून हे लेखन समाजशास्त्राला उपयोगी असले तरी वाङ्मय म्हणून उणे आहे, असे हा आक्षेप सांगतो. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली आले, बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने तर आपल्या नावातच अनेकवचन धारण केले, आणि प्रस्थापित समीक्षेने दर वेळी तीच फूटपट्टी बाहेर काढली. आपल्या समीक्षकांनी तिला वेळोवेळी उत्तरे दिली आहेत. ती येथे पुन्हा मांडत नाही. मला या आक्षेपाची परीक्षा दुसऱ्या ठिकाणी करायची आहे. व्यक्तीची बुद्धी आणि व्यक्तीचे कष्ट यांवाचून जेथे दुसरे काहीच चालत नाही असे मानले जाते, अशा ठिकाणची आत्मचरित्रे घ्यावीत आणि तेथला ‘मी’ खरोखर किती एकटा आहे ते पाहावे.

असे ठिकाण म्हणजे विज्ञानाची प्रयोगशाळा, आणि तीतही मेंदूविज्ञानाची. स्त्रिया मागे का, काळे मागे का, दलित मागे का, असा प्रश्न निघाला की शहाणीसुरती माणसे मेंदूकडे बोट दाखवतात. बुद्धी ज्याची त्याच्या डोक्यात असते, समाज तिला काय करणार, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मग ज्या विभागांत मेंदूचाच अभ्यास चालतो तेथे कोणाच्या मेंदूला किती किंमत मिळते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

यासाठी मी तीन पुस्तके घेतली आहेत. तिन्ही अमेरिकेत काम केलेल्या शास्त्रज्ञांची आहेत. कार्ल हार्ट यांचे ‘हाय प्राइस’ २०१३ साली आले. बेन बॅरेस यांचे ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ ट्रान्सजेंडर सायंटिस्ट’ त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ साली आले. कातालिन कारिको यांचे ‘ब्रेकिंग थ्रू’ २०२३ साली आले. हार्ट आणि बॅरेस हे मेंदूवैज्ञानिक. कारिको या जीवरसायनशास्त्रज्ञ. पण त्यांच्या उमेदीची बरीच वर्षे एका विद्यापीठाच्या मेंदूशस्त्रक्रिया विभागात गेली. तिघेही साध्या घरांतून आले आणि तिघांनीही पोस्टडॉक नावाची पायरी चढली. त्या पायरीवरूनच ही पुस्तके वाचावीत, असे माझे म्हणणे आहे.

२

‘पोस्टडॉक म्हणजे नोकरी की शिक्षण?’ असा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारला होता. ज्या घरात पीएच.डी. म्हणजे काय हेही समजावून सांगावे लागते, त्या घरातली ही मुलगी. तिचा प्रश्न भाबडा वाटेल. पण व्यवस्थेचे सारे मर्म त्यात आहे. पगार मागायला गेले की पोस्टडॉक हा शिकाऊ उमेदवार ठरतो. काम करून घ्यायचे असले की तोच पूर्ण तयारीचा शास्त्रज्ञ ठरतो. हा घोळ सोडवण्याची घाई कोणालाच नसते, कारण तो सोयीचा आहे.

पीएच.डी. झाल्यावर आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळण्याआधीचा हा काळ. नेमणूक वर्षा-दोन वर्षांची, मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. पाहता पाहता चार-पाच वर्षे निघून जातात. मेंदूविज्ञान विभागातले काम घड्याळ मानत नाही. मेंदूचा पातळ काप बाहेर काढला की तो काही तासच जिवंत राहतो. तेवढ्यात सारी मोजणी उरकावी लागते. केसाहून बारीक टोकाच्या विद्युतशलाकेने एखाद्या पेशीचे संकेत टिपायचे तर ती पेशी सापडेपर्यंत बसून राहावे लागते. उंदरांना एखादे काम शिकवायचे तर ते रोज शिकवावे लागते, आणि उंदराला रविवार कळत नाही.

एवढे करून निबंध प्रसिद्ध होतो. जीवशास्त्रातल्या रिवाजाप्रमाणे ज्याने हाताने काम केले त्याचे नाव बहुधा पहिले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटचे. बाहेरच्या वाचकाला पहिले नाव मानाचे वाटते. जाणकार मात्र शेवटचे नाव वाचतात. प्रयोगशाळा त्या नावाने ओळखली जाते, बहुतेक अनुदाने त्या नावावर येतात, आणि शोध ‘अमक्यांच्या प्रयोगशाळेतला’ म्हणून लक्षात राहतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२४ सालासाठी पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकचे विद्यावेतन ६१,००८ डॉलर ठरवले होते. रुपयांत हा आकडा मोठा दिसतो. बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोतले घरभाडे वजा केले की तो लहान होतो. तेथल्या पोस्टडॉकांपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेले असतात. नेमणूक संपली की देशात राहण्याचा आधारही संपतो. ज्याच्या सहीवर नोकरी त्याच्याच सहीवर मुक्काम, अशा माणसापुढे किती ताठ उभे राहता येईल?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. मी स्वतः सहा वर्षे तासाच्या दराने शिकवले आहे. दर उन्हाळ्यात बेकार व्हायचे आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. वर्गात मी प्राध्यापक असे आणि हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर एक आकडा.

पण येथे थांबले पाहिजे. ओळखीचे वाटणे वेगळे आणि एकच असणे वेगळे. पोस्टडॉक म्हणजे दलित नव्हे. त्याची उतरंड त्याच्या जन्माने ठरलेली नसते, आणि कंटाळला तर तो ती सोडून जाऊ शकतो. जातीचा राजीनामा देता येत नाही. शिवाय आपल्या देशातून या पायरीवर पोचणाऱ्यांत सवर्ण घरांतल्या मुलांचाच भरणा मोठा आहे. त्यांच्या हालांची गावकुसाबाहेरच्या हालांशी बरोबरी करणे हा दोन्हींचा अवमान ठरेल. तरीही ही पायरी तपासली पाहिजे, कारण गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्या व्यवस्थेत गुणवत्ता कशाकशाच्या आधाराने उभी राहते ते येथे उघडे पडते.

३

कारिको हंगेरीतल्या एका खाटकाची मुलगी. घरात नळाचे पाणी नाही. वडील डुकरे कापत ते पाहत त्या वाढल्या. आपल्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडेही शरीराच्या आतली रचना ज्यांना हाताने माहीत होती ती माणसे होती. मेलेले ढोर ओढणारा, सोलणारा, त्याचे कातडे, आतडे, सांधा न् सांधा ओळखणारा माणूस होता. त्याच्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही. त्याला विटाळ म्हटले. हंगेरीतही खाटकाचे घर श्रीमंत नव्हते, पण त्या घरातून शाळेत जाणाऱ्या मुलीला कोणी दाराबाहेर बसवले नाही. एवढ्या एका फरकाने किती फरक पडतो हे हे पुस्तक न सांगताही सांगून जाते.

१९८५ साली त्यांच्या संशोधनाचा पैसा बंद झाला. नवरा आणि लहान मुलगी यांना घेऊन त्या पोस्टडॉक म्हणून फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आल्या. देशाबाहेर पैसा नेण्यावर बंदी होती. मोटार विकून आलेले पैसे मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून आणले. पुढे दुसऱ्या विद्यापीठाने त्यांना बोलावले तेव्हा प्रमुखाने हद्दपारीची धमकी दिली. व्हिसा आणि नोकरी एकाच खुंट्याला बांधली की काय होते याचे हे ठळक उदाहरण आहे. १९८९ पासून त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या. मेसेंजर आरएनएवरच्या कामाला अनुदान मिळेना, तेव्हा १९९५ साली त्यांना पदावनत करण्यात आले. नंतर मेंदूशस्त्रक्रिया विभागाने आसरा दिला. १९९७ साली झेरॉक्सच्या यंत्रापाशी ड्रू वाइसमन भेटले. २००५ साली दोघांचा तो निबंध आला ज्यावर पुढे कोविडच्या लसी उभ्या राहिल्या. २०१३ साली कारिको यांनी विद्यापीठाची प्रयोगशाळा सोडली आणि जर्मनीतल्या कंपनीत गेल्या. २०२३ साली नोबेल आले, तेव्हा त्याच विद्यापीठाने तो आपला गौरव म्हणून साजरा केला.

हे पुस्तक वाचून बहुतेक वाचक म्हणतात, चिकाटी असावी तर अशी. लेखिकेचा स्वरही पुष्कळदा त्याच बाजूला झुकतो. काम करीत राहा, लोक काय म्हणतात तिकडे लक्ष देऊ नका, असा तो सूर आहे. त्यांच्या चिकाटीपुढे नम्र झालेच पाहिजे. पण समीक्षकाने विचारायचा प्रश्न पुढचा आहे. ज्या व्यवस्थेने या बाईंना पदावनत केले ती व्यवस्था पुस्तकाच्या अखेरीस कोठे आहे? ती जागच्या जागी आहे. नायिका जिंकली म्हणून व्यवस्था सुटली. त्याच वर्षांत त्याच कारणाने किती जणांनी प्रयोगशाळा सोडली असेल, त्यांपैकी कोणाच्या वहीत काय राहून गेले असेल, याचा माग या ‘मी’ला काढता येत नाही. विजयी माणसाचे आत्मचरित्र पराभूतांबद्दल मुके असते. हा लेखिकेचा दोष मानू नये. एकट्या ‘मी’चा साचाच असा आहे.

४

बॅरेस यांचे पुस्तक लहान आहे, आणि ते लिहिताना लेखकाला आपला मृत्यू दिसत होता. न्यू जर्सीतल्या एका विक्रेत्याच्या घरी १९५४ साली जन्म. जन्मनोंद मुलगी म्हणून. एमआयटीत शिकत असताना एक कठीण गणित सोडवले, तर प्राध्यापक म्हणाले की ते तुझ्या मित्राने सोडवून दिले असेल. लंडनला मार्टिन रॅफ यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, १९९३ पासून स्टॅनफर्ड. मेंदूतल्या ग्लिया नावाच्या पेशी हा त्यांचा विषय. १९९७ साली त्यांनी पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. त्यानंतर एकदा त्यांचे व्याख्यान ऐकून कोणीतरी म्हटले, हा आपल्या बहिणीपेक्षा फारच चांगले काम करतो. बहीण म्हणजे तेच होते.

या प्रसंगाचे मोल मोठे आहे. गुणवत्तेच्या वादात आपल्याला नेहमी सांगितले जाते की दोन माणसे वेगळी, दोन मेंदू वेगळे, तुलना कशी करणार? येथे माणूस एकच आहे, मेंदू तोच आहे, कामही तेच आहे. बदलले ते पाहणाऱ्याला दिसणारे शरीर, आणि त्याबरोबर मेंदूचे मोल वाढले. आडनाव सांगताच मुलाखतीतला सूर बदललेला ज्यांनी अनुभवला आहे त्यांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. आपल्याला आडनाव बदलून तोच माणूस राहण्याचा प्रयोग करता आला, तरी तो कोणी ‘नेचर’मध्ये छापणार नाही. बॅरेस यांनी मात्र २००६ साली ‘नेचर’मध्येच स्त्रियांच्या जन्मजात बुद्धीविषयीचा बडेजाव खोडून काढला.

मला या पुस्तकाचा दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे तीन भाग आहेत: जीवन, विज्ञान आणि जे हक्क मिळावेत म्हणून ते झगडले त्यांची बाजू. विज्ञानाचा भाग लिहिताना ते कोणते काम कोणत्या विद्यार्थ्याने वा पोस्टडॉकने केले ते नावानिशी सांगत जातात. साध्या वाचकाला हा भाग रुक्ष वाटतो. नावांची यादी वाटते. पण आपल्या आत्मकथनांवरही हाच आक्षेप नव्हता का? फार माणसे, फार नावे, कथानक हलत नाही! बॅरेस यांच्या पानांतली ही गर्दी म्हणजे कर्ज फेडण्याची रीत आहे. शेवटचे नाव ज्याचे असते तो येथे पहिली नावे परत करतो आहे.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये, दुखणे शेवटाला आले असताना, त्यांनी ‘नेचर’मध्ये पोस्टडॉकांसाठी लेख लिहिला. पोस्टडॉक स्वतःची प्रयोगशाळा काढायला निघाला की त्याने केलेले काम प्रमुखाने आपल्यापाशी अडवून ठेवू नये, ते त्याला सोबत नेऊ द्यावे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे पेरलेल्याला पिकाचा वाटा मिळावा. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले.

उणीव दाखवायचीच तर ही: बॅरेस यांची आशा चांगल्या प्रमुखावर आहे. प्रमुखाचे मन बदलेल, मग पोस्टडॉकचे भले होईल, ही त्यांची श्रद्धा. मालकाच्या हृदयपरिवर्तनावर विसंबण्याचा अनुभव आपल्याला पुष्कळ आहे.

५

हार्ट यांचे पुस्तक आपल्याला सर्वांत जवळचे. मायामीतली काळ्यांची वस्ती, मोडलेले घर, भावंडांचा मोठा गोतावळा, लहानसहान गुन्हे, तुरुंगाच्या कडेकडेने गेलेले तारुण्य. हवाई दलात भरती झाल्याने शिक्षणाची वाट मिळाली. १९९६ साली वायोमिंग विद्यापीठाची पीएच.डी., नंतर सॅन फ्रान्सिस्को, येल, कोलंबिया असे पोस्टडॉकचे मुक्काम. २००९ साली कोलंबिया विद्यापीठात विज्ञान विषयांत कायम झालेले ते पहिले काळे अमेरिकन प्राध्यापक ठरले. एकविसाव्या शतकाचे नववे वर्ष उजाडेपर्यंत त्या विद्यापीठाला असा एकही मिळाला नव्हता, ही गोष्ट गौरवाच्या ओळीत दडून जाऊ नये.

हार्ट मेंदूविज्ञानाकडे वळले ते वस्तीसाठी. क्रॅक कोकेनने आपली माणसे नासवली, तेव्हा मेंदूत त्याचे औषध शोधावे, अशी त्यांची धारणा होती. प्रयोगांनी ती धारणाच मोडली. क्रॅक ओढणाऱ्या माणसांना त्यांनी रुग्णालयात ठेवून पर्याय दिला: आणखी एक झुरका घ्या, किंवा पाच डॉलर घ्या. झुरका मोठा असला की बहुधा झुरका निवडला जाई. तो लहान असला की माणसे पैसे निवडत. पुढे रक्कम वीस डॉलर केली तेव्हा पैशाचेच पारडे जड झाले. म्हणजे ज्याला आपण मेंदू गमावलेला माणूस म्हणतो तो हिशेब करत होता. त्याच्यापुढे एरवी दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता.

याच संदर्भात ते कॅनडातल्या ब्रूस अलेक्झांडर यांच्या १९७० नंतरच्या दशकातल्या प्रयोगांकडे वळतात. पिंजऱ्यात एकटा ठेवलेला उंदीर मॉर्फिनचे पाणी पीत राही. ऐसपैस जागेत इतर उंदरांच्या सोबतीत ठेवलेले उंदीर ते पुष्कळ कमी पीत. या प्रयोगांवर पुढे वाद झाले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरलेला नाही. दोष उंदराच्या मेंदूत शोधायचा की पिंजऱ्यात?

हार्ट आपल्या वस्तीला हाच प्रश्न लावतात. बेकारी, मोडकी घरे, पोलिसांचा जाच हे सारे क्रॅकच्या आधीपासून होते. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा ठेवली तीच पाचशे ग्रॅम कोकेन भुकटीला ठेवली. पदार्थ मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत गजाआड गेले ते मुख्यतः काळे. २०१० साली हे शंभरास एक प्रमाण अठरास एक केले गेले. ते एकास एक झाले नाही.

या पुस्तकातले ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचे नाते पाहण्यासारखे आहे. हार्ट मागे राहिलेल्या भावंडांकडे, चुलत-मावस भावांकडे पुनःपुन्हा वळतात. मी सुटलो आणि हे का अडकले, या प्रश्नाला ते स्वतःची हुशारी हे उत्तर देत नाहीत. आजीचा धाक, खेळातली चमक, भेटलेले एक-दोन शिक्षक, सैन्याची भरती, अशा बाहेरच्या गोष्टी ते मोजतात. येथे आत्मचरित्र समाजशास्त्र होते, आणि त्यामुळे ते वाङ्मय म्हणून उणे होत नाही; उलट त्याला खोली येते. प्रस्थापित समीक्षेच्या आक्षेपाला याहून बोलके उत्तर मला ठाऊक नाही.

मात्र २०२१ साली आलेल्या त्यांच्या ‘ड्रग यूज फॉर ग्रोन-अप्स’ या पुस्तकात हा ‘आम्ही’ विरळ झाला आहे. तेथे जबाबदार प्रौढ व्यक्ती आणि तिचे सुखाचे स्वातंत्र्य मध्यभागी आले. त्यांचा युक्तिवाद धाडसी आहे, आणि तुरुंगशाहीला त्यांचा विरोध कायम आहे. पण हातभट्टीने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी जवळून पाहिली, दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायांमध्ये ज्यांची आई होती, त्यांना हे स्वातंत्र्य कोणाच्या घरात शोभते असे विचारावेसे वाटेल. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाची निवड आणि वस्तीतल्या बेकाराची निवड सारखी नसते. हे हार्ट यांच्याच पहिल्या पुस्तकाने आपल्याला शिकवले आहे.

६

कोलंबियाचे नाव निघाले की आपल्याला बाबासाहेब आठवणारच. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकले. त्यांनी मोठे आत्मचरित्र लिहून पुरे केले नाही. मागे राहिले ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे टिपण, जे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्याची रचना नीट पाहिली पाहिजे. त्यात सहा प्रसंग आहेत. पहिले चार त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातले: लहानपणचा प्रवास, परदेशातून परतल्यावर बडोद्यात न मिळालेले घर, चाळीसगाव, दौलताबाद. उरलेले दोन त्यांचे नाहीतच. एक काठेवाडातल्या अस्पृश्य शिक्षकाचा, ज्याच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावला नाही. दुसरा गुजरातेत तलाठी म्हणून नेमलेल्या भंगी तरुणाचा.

आत्मकथनात दुसऱ्यांचे प्रसंग कशाला, असे फूटपट्टीवाला विचारील. परदेशी पदव्या घेतलेल्या माणसाला स्वतःच्या अपमानांचीच कहाणी लिहिता आली असती, आणि ती पुरेशी झाली असती. बाबासाहेबांनी आपली कहाणी निम्म्याहून थोडी पुढे नेली आणि उरलेली जागा दुसऱ्यांना दिली. माझ्यावर जे आले ते माझ्या एकट्याचे नव्हते, हे विधान त्यांनी शब्दांत न करता रचनेत केले. दलित आत्मकथनाचा ‘आम्ही’ तेथून येतो. लेखनाचे कसब कमी पडले म्हणून तो येत नाही. वस्तुस्थितीच तशी असल्याने येतो.

प्रयोगशाळेतल्या ‘आम्ही’लाही तोंड फुटू लागले आहे, पण ते आत्मचरित्रांतून नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पोस्टडॉकांच्या युनियनला २००८ साली मान्यता मिळाली आणि २०१० साली पहिला करार झाला. बाबासाहेबांच्या आणि हार्ट यांच्या कोलंबियात पोस्टडॉकांनी २०१८ साली युनियनच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले. त्यांत पोस्टडॉकही होते. ‘नोकरी की शिक्षण’ या माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर सरळ आहे: आम्ही कामगार आहोत. पगार, रजा, बाळंतपण, छळाविरुद्धची दाद या गोष्टी प्रमुखाच्या मर्जीतून काढून त्यांनी कराराच्या कागदावर आणल्या. बॅरेस यांनी चांगल्या प्रमुखाकडे जे मागितले त्यातले काही हिसकावून घेण्याची ही वाट आहे.

तरीही हा ‘आम्ही’ अपुरा आहे. करारातल्या मजुरीबरोबर त्या खोल्यांतली जात सुटत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख करायला अलीकडे सुरुवात केली. ब्रँडाइसने २०१९ साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली. सारे कॅलिफोर्निया राज्य तसा कायदा करू पाहत होते, तर २०२३ साली राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सागर ओलांडल्याने विटाळ धुतला जात नाही, एवढे त्या नियमांनी मान्य केले आहे. आणि प्रयोगशाळेतल्या काचा धुणारा, उंदरांचे पिंजरे साफ करणारा माणूस या तिन्ही पुस्तकांच्या मध्यभागी नाही. त्याच्यावाचून एक दिवसही प्रयोग चालत नाही. निबंधात मात्र त्याचे नाव पहिलेही नसते आणि शेवटचेही.

७

आता आपल्या घराकडे वळू. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकपदांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला. त्याला एक परिशिष्ट आहे. ज्या संस्थांना हा कायदा लागू नाही त्यांची नावे त्यात दिली आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे, आणि हरियाणातल्या मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही आहे. देशाने मेंदूच्या अभ्यासासाठी जे केंद्र काढले तेथे शिक्षक नेमताना आरक्षण नको, असे देशाच्या कायद्याने लिहून ठेवले. कारण नेहमीचेच: उत्कृष्टता. बॅरेस यांच्या अनुभवाने जे खोटे ठरवले ते आपल्याकडे परिशिष्टात छापलेले आहे. जिथे शिखरच राखीव आहे तिथे खालच्या पायरीवर कोणाचा मुलगा चार-पाच वर्षे वाट पाहत बसेल? ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे त्याचाच.

दोष एकट्या सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. आपला एखादा मुलगा परदेशी प्रयोगशाळेत गेला की आपण चौकात फलक लावतो, सत्कार करतो. ते योग्यच आहे. पण नेमणूक संपून परत आलेल्याचा, अर्ध्यावर सोडलेल्याचा, औषधाच्या कंपनीत भलतेच काम पत्करलेल्याचा सत्कार कोणी करत नाही. त्याला काय झाले हेही विचारत नाही. तेवढ्यापुरते आपणही कारिको यांच्या पुस्तकाच्या त्या वाचकांसारखे वागतो, ज्यांना जिंकलेला ‘मी’ पुरतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहायचे होते. त्याचे विद्यावेतन महिनोन्महिने थकले होते. तो गेल्यावर आपण ‘आम्ही’ झालो. तो असताना किती होतो, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारत राहिले पाहिजे.

आपली आत्मकथने बहुधा शाळेत पोचण्यापर्यंत, पदवीपर्यंत, पहिल्या नोकरीपर्यंत आली. पुढचे आत्मकथन प्रयोगशाळेतून यायचे आहे. ते लिहिणारी मुले-मुली आज बी.एस्सी.च्या वर्गात असतील. त्यांना सांगायचे एवढेच की लिहिताना तुमच्यापुढे दोन नमुने ठेवले जातील. एकटा लढलो आणि जिंकलो, हा एक. त्याला बक्षिसे मिळतात. दुसरा बाबासाहेबांच्या त्या छोट्या टिपणाचा. त्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीची मुदतवाढ का नाकारली गेली तेही येईल, पिंजरे धुणाऱ्याचे नाव येईल, आडनाव ऐकून थबकलेला प्रमुख येईल, आणि गावाकडे पैसे पाठवून उरलेल्या महिन्याचा हिशेब येईल. फूटपट्टीवाले म्हणतील, यात समूह फार झाला. म्हणू द्यावे. समूह जेथे होताच तेथे तो लपवून ठेवला गेला होता, एवढे या तीन पुस्तकांच्या वाचनातून दिसते. तो उघड करणे हे आत्मकथनाचे काम आहे, आणि ते काम करण्याची सवय मराठीत कोणाला असेल तर ती आपल्याला आहे.